मद्रासचे 'मेलेले कॉलेज'

मद्रास शहरात, म्हणजे १९९६ पासून ज्याला आपण चेन्नई म्हणतो त्या शहरात, एग्मोर नावाच्या भागात पॅन्थिऑन रस्त्यावर एक जुने संग्रहालय आहे. सरकारी दप्तरात त्याचे नाव 'गव्हर्नमेंट म्युझियम' असे असले, तरी मद्रासच्या सामान्य माणसाने त्याला फार पूर्वी आपले एक स्वतंत्र नाव दिले होते. तो त्याला 'सेत्त कॉलेज' म्हणत असे. 'सेत्त' म्हणजे मेलेले. याच्या जोडीला शहरात एक 'उयिर कॉलेज'ही होते. 'उयिर' म्हणजे जीव, आणि हे जिवंत कॉलेज म्हणजे प्राणिसंग्रहालय. ज्या ठिकाणी भुसा भरलेले पशुपक्षी आणि मातीतून उकरून काढलेले दगड ठेवलेले असतात, ते मेलेले कॉलेज. आणि ज्या ठिकाणी वाघ प्रत्यक्ष डरकाळी फोडतो, ते जिवंत कॉलेज. इतके सोपे आणि इतके मार्मिक वर्गीकरण एखाद्या पंडितालाही सुचले नसते.

ह्या नावातील विनोद क्षणभर बाजूला ठेवला, तर त्यात एक गंभीर प्रश्न दडलेला आढळतो. एखादी वस्तू तिच्या जागेवरून उचलून दालनात मांडली, तिच्याखाली चिठ्ठी लावली आणि लोकांना ती पाहावयास बोलावले, म्हणजे ती वस्तू मरते, की तिला दुसरा जन्म मिळतो? गेल्या पावणेदोनशे वर्षांत मद्रासमध्ये जी प्रदर्शने भरली आणि जी दालने उभी राहिली, त्यांचा इतिहास म्हणजे ह्याच प्रश्नाचा इतिहास होय. आणि ह्या इतिहासात मराठी माणसाचेही काही गुंतलेले आहे. थोडे अभिमानाचे आणि थोडे दुःखाचे.

प्रथम 'कॉलेज' हा शब्द कोठून आला ते पाहू. ईस्ट इंडिया कंपनीने १८१२ मध्ये मद्रासला 'कॉलेज ऑफ फोर्ट सेंट जॉर्ज' नावाची संस्था काढली. विलायतेहून येणाऱ्या तरुण मुलकी अधिकाऱ्यांना दक्षिणेतील भाषा शिकविणे हा तिचा हेतू. पुढे मद्रास लिटररी सोसायटी ह्या विद्वन्मंडळाने आपल्याजवळचे भूगर्भशास्त्रीय नमुने, सुमारे अकराशे, सरकारच्या स्वाधीन केले आणि १८५१ मध्ये ह्याच कॉलेजच्या वरच्या मजल्यावर संग्रहालय सुरू झाले. एडवर्ड बाल्फर नावाचे लष्करी शल्यवैद्य त्याचे पहिले प्रमुख. जागा अपुरी पडू लागल्यामुळे १८५४ च्या अखेरीस संग्रह एग्मोरच्या पॅन्थिऑन वास्तूत हलविण्यात आला. घर बदलले, तरी लोकांच्या तोंडी 'कॉलेज' हे नाव राहिले ते राहिलेच.

बाल्फर हा मोठा खटपटी आणि कल्पक गृहस्थ होता. हिंदुस्थानविषयीचा एक ज्ञानकोशही त्याने रचला. लोकांनी संग्रहालयात यावे असे त्याला मनापासून वाटे. परंतु दगडधोंडे पाहावयास कोण येणार? म्हणून त्याने आवारात एक वाघ आणि एक चित्ता आणून ठेवला. गर्दी लोटली. त्या गर्दीने उत्तेजन मिळून १८५५ मध्ये तेथे प्राणिसंग्रह उभा राहिला, आणि पुढे १८६३ मध्ये तो तेथून पीपल्स पार्क ह्या उद्यानात गेला. अशा रीतीने जिवंत आणि मेलेले अशी दोन्ही कॉलेजे एकाच पोटी जन्मली आणि मग वेगळी झाली.

ज्या वर्षी हे संग्रहालय निघाले, त्याच वर्षी, म्हणजे १८५१ मध्ये, लंडनला काचमहालातील ते जगप्रसिद्ध प्रदर्शन भरले होते. त्याचे वारे हिंदुस्थानातही आले. १८५५ मध्ये मद्रासला मोठे प्रदर्शन झाले आणि १८५७ मध्ये पुन्हा दुसरे. त्यांतील मांडणीचे विषय पाहण्यासारखे आहेत: कच्चा माल, कलाकौशल्य आणि कारखानदारी. कापूस, ताग, तेलबिया, नीळ, लाकडाचे नमुने, कातडी आणि त्यांच्याच रांगेत विणकराची कला, सोनाराची कला, लाकडावर कोरीव काम करणाऱ्याची कला. ह्या मांडणीमागचा हिशेब उघड होता. ह्या देशात काय पिकते, काय बनते, आणि त्यातून व्यापाराला काय मिळेल, ह्याची ती एक मोठी यादीच होती. कारागिराचे नाव त्या यादीत क्वचितच असे. त्याच्या जिल्ह्याचे मात्र असे.

याच सुमारास मद्रासला कलाशिक्षणाची मुहूर्तमेढ रोवली गेली. अलेक्झांडर हंटर ह्या दुसऱ्या एका शल्यवैद्याने १८५० मध्ये स्वतःच्या पदरच्या पैशाने एक कलाशाळा काढली आणि लवकरच सरकारने ती आपल्याकडे घेतली. कलकत्त्याची कलाशाळा १८५४ मधली आणि मुंबईचे जे. जे. स्कूल १८५७ मधले. म्हणजे ह्या तिघी बहिणींत मद्रासची वडील. परंतु शाळेच्या नावातच 'औद्योगिक कला' असे शब्द होते. मातीची भांडी, कौले, लाकडावरील कोरीव ठसे, छायाचित्रण असे विषय तेथे शिकविले जात. शतकाच्या अखेरीस ह्या शाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी घडविण्याचा प्रयोग आरंभिला, वर्ष १८९८. आज घरोघरी दिसणारे ॲल्युमिनियमचे पातेले हिंदुस्थानात प्रथम रुजले ते एका कलाशाळेच्या ओट्यावर, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. मद्रासच्या प्रदर्शनांचा पाया असा उपयुक्ततेचा होता. जे विकता येईल, मोजता येईल, सुधारता येईल, ते मांडावे. सौंदर्य पाहण्यासाठी मांडावे ही कल्पना अजून यावयाची होती.

पण त्याच संग्रहालयाच्या आवारात, उघड्यावर, ऊनपाऊस खात, सौंदर्याची एक मोठी रास पडून होती, तिची हकीकत अशी आहे.

कृष्णा नदीच्या काठी अमरावती येथे एक प्राचीन बौद्ध स्तूप होता. त्याच्या वैभवाचा काळ सातवाहनांचा, म्हणजे आपल्या पैठणच्या राजांचा. नाशिकच्या लेण्यांत ज्या वासिष्ठीपुत्र पुळुमावीचे नाव आपण वाचतो, त्याच पुळुमावीचे नाव अमरावतीच्या शिलालेखातही आहे. गोदावरीच्या काठचे राज्य आणि कृष्णेच्या काठचा स्तूप यांचे असे नाते आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी तेथील जमीनदाराने नव्या गावासाठी दगड हवा म्हणून ती टेकडी उकरविली. १७९८ मध्ये कॉलिन मॅकेंझी हा भूमापन अधिकारी तेथे गेला आणि त्या शिल्पांचे मोल त्याने ओळखले. तो १८१६ मध्ये परत गेला, तेव्हा स्तूपाच्या मध्यभागी तळे खणण्यात आले होते. पुढे १८४५ मध्ये वॉल्टर एलियट यांनी तेथे उत्खनन करून बरीच शिल्पे मद्रासला पाठविली. ती कित्येक वर्षे उघड्यावर राहिली. १८५८ मध्ये लिनियस ट्राइप या लष्करी अधिकाऱ्याने त्यांची छायाचित्रे काढली. आणि त्यानंतर वर्षभराने शंभराहून अधिक शिल्पे जहाजात भरून लंडनला रवाना झाली.

लंडनला तरी त्यांचे स्वागत झाले असेल असे आपणांस वाटेल. तसे झाले नाही. ती एका वाड्याच्या गाडीखान्यात पडून राहिली, आणि १८६७ मध्ये जेम्स फर्ग्युसन ह्या स्थापत्याच्या अभ्यासकाला ती तेथे सापडली. शेवटी १८८० मध्ये ती ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचली. इंग्रजांनी त्यांना 'एलियट मार्बल्स' म्हटले. पण तो दगड संगमरवर नाहीच, तो चुनखडीचा फिकट दगड आहे. वस्तूच्या अंगावर कुणाचे तरी नाव चिकटते आणि दगडाची जातसुद्धा चुकते, हा चिठ्ठ्यांचा महिमा आहे! नंतरच्या उत्खननांत निघालेली शिल्पे मद्रासच्या वाट्याला आली. ती सुरक्षित राहावीत म्हणून भिंतीत सिमेंटने बसविण्यात आली. आणि पुढे त्याच सिमेंटमधील क्षारांनी त्या कोवळ्या दगडाला पोखरण्यास सुरुवात केली. राखण्याच्या हेतूने केलेली गोष्टही कशी बाधते, याचे हे उदाहरण संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

आता मी ज्या हकीकतीकडे वळतो, ती मराठी श्रोत्याच्या काळजाला अधिक भिडणारी आहे.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या तिसऱ्या चरणात तंजावरचे राज्य मिळविले. पुढे सुमारे पावणेदोनशे वर्षे कावेरीच्या खोऱ्यात भोसल्यांची गादी चालली. शेवटचे राजे शिवाजी १८५५ च्या ऑक्टोबरात निपुत्रिक वारले आणि कंपनी सरकारने संस्थान खालसा केले. केवळ राज्यच नव्हे, तर राजवाड्यातील चीजवस्तूही ताब्यात घेतली. थोरल्या राणीसाहेब कामाक्षीबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि तो जिंकला. परंतु कंपनीने प्रिव्ही कौन्सिलकडे अपील केले, आणि १८५९ मध्ये निकाल उलटला. ही राज्यसत्तेची कृती आहे, तिचा न्याय करण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, असे ठरले. मात्र न्यायाधीशांनाही ह्या कृतीचे समर्थन करवले नाही. पुढे १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत दिली, हे नमूद केले पाहिजे.

परंतु तंजावरच्या वाड्यात एक मोठे शस्त्रागार होते. तलवारी, खंडे, पट्टे, भाले, कट्यारी, हत्तीचे अंकुश यांचे ढीग तेथे होते. त्या शस्त्रांची काय वाट लागली, हे वॉलहाऊस नावाच्या मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकाऱ्याने 'इंडियन ॲन्टिक्वेरी' ह्या नियतकालिकात १८७८ मध्ये लिहून ठेवले आहे. त्या ढिगांतून काही निवडक शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयासाठी बाजूला काढण्यात आली. बाकीची मोडून जुने लोखंड म्हणून विकण्यात आली.

हे वाक्य उच्चारताना घसा दाटून येतो, हे मी लपवीत नाही. तथापि इतिहास सांगणाऱ्याने भावनेच्या भरात एक गोष्ट विसरता कामा नये. ती सारी शस्त्रे मराठ्यांची होती काय? आज जी तंजावरी शस्त्रे शिल्लक आहेत, त्यांतील सर्वांत देखणी शस्त्रे पाहिली, म्हणजे मुठीवर शिडासारखी ढाल असलेल्या त्या कट्यारी, किंवा यक्ष, याळी, पोपट यांच्या आकृतींनी मढलेले ते अंकुश पाहिले, तर अभ्यासक सांगतात की त्यांची घडण व्यंकोजीच्याही आधीची आहे; विजयनगर आणि नायक राजांच्या काळातली आहे. कित्येक कट्यारींची पाती तर युरोपातली आहेत. समुद्रमार्गाने आलेल्या फिरंगी तलवारी मोडून ती बसविली आहेत. म्हणजे ज्या शस्त्रागाराला आपण मराठ्यांचे म्हणतो, ते तमिळ लोहार, तेलुगू नायक, फिरंगी व्यापारी आणि मराठी राजे अशा चौघांच्या हातांतून गेलेले होते. भोसल्यांनी ते जिंकले, वापरले आणि जपले, हाच त्यांचा खरा मान. आणि जे मोडले गेले ते केवळ आपले नव्हते, ते सर्वांचे होते. म्हणून ती हानी अधिकच मोठी आहे.

एग्मोरच्या संग्रहालयात ती वाचलेली शस्त्रे पाहिली म्हणजे मनात दोन विचार एकदम येतात. संग्रहालय नसते, तर हीही भट्टीत गेली असती. आणि ज्या सत्तेने संग्रहालय चालविले, तिनेच बाकीची भट्टीत घातली. राखणारा आणि मोडणारा हात एकच होता. मद्रासच्या 'मेलेल्या कॉलेजा'विषयी साधी कृतज्ञता किंवा साधा राग बाळगणे म्हणूनच शक्य होत नाही.

याच्याशी तुलना करण्यासारखे एक उदाहरण तंजावरातच आहे. १७९८ ते १८३२ ह्या काळात गादीवर असलेले सरफोजीराजे हे स्वतः मोठे संग्राहक होते. सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह त्यांनी वाढविला. वनस्पती, पशुपक्षी यांची चित्रे काढवून घेतली. धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग चालविले. नेत्ररोग्यांवर केलेल्या उपचारांच्या नोंदी आणि चित्रे करून ठेवविली. राजवाड्यात देवनागरी छापखाना काढला. १८०३ मध्ये त्यांनी आपल्या वंशाचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरविला. भिंतीवर भिंत व्यापणारा असा लांबलचक शिलालेख महाराष्ट्रातही सापडणे कठीण. परंतु सरफोजींचा संग्रह 'पाहण्यासाठी मांडलेला' नव्हता. तो वापरण्यासाठी होता. वैद्य तो वाचीत, चितारी त्यावरून शिकत, पंडित त्यात भर घालीत. कंपनीने राज्याचा कारभार आपल्याकडे घेऊन राजाच्या हाती किल्ला आणि आसपासचा थोडा मुलूख एवढेच ठेवले होते; तलवार चालविण्यास वाव नव्हता. अशा वेळी त्या राजाने विद्येचा संसार थाटला. त्यांच्या निधनानंतर अवघ्या एकोणीस वर्षांनी मद्रासला सरकारी संग्रहालय निघाले. हिंदुस्थानातील संग्रहालयांची कथा सांगताना ती नेहमी गोऱ्या शल्यवैद्यांपासून सुरू करण्याची आपली सवय आहे. तिच्या पहिल्या पानावर ह्या मराठी राजाचे नाव असावयास हरकत नाही.

मद्रासच्या प्रदर्शनांत सौंदर्याला सौंदर्य म्हणून स्थान मिळाले ते चित्रकलेच्या प्रदर्शनांमुळे. १८७३ मध्ये मद्रासच्या ललितकला प्रदर्शनात एका पंचवीस वर्षांच्या तरुणाच्या चित्राला गव्हर्नरचे सुवर्णपदक मिळाले. चित्र होते वेणीत फुले माळणाऱ्या नायर स्त्रीचे, आणि तरुण होता त्रावणकोरातील किळिमानूरचा रविवर्मा. तो कोणत्याही कलाशाळेत शिकला नव्हता. लवकरच त्याच्या शकुंतलेच्या पत्रलेखनाचे चित्र मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी विकत घेतले, आणि मोनियर विल्यम्स यांच्या 'शाकुंतला'च्या इंग्रजी भाषांतराच्या आरंभी ते झळकले. ज्या प्रदर्शनांत पूर्वी केवळ गावाचे आणि मालाचे नाव असे, तेथे आता चित्रकाराचे नाव आले. हा फरक लहान नाही. 'मद्रास इलाख्यातील उत्तम काम' असे म्हणण्याऐवजी लोक 'रविवर्म्याचे चित्र' असे म्हणू लागले.

मराठी श्रोत्यांना रविवर्मा परका नाही. त्याचा शिळाछाप कारखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी महाराष्ट्रातील किती देवघरांत जागा मिळविली असेल, त्याची गणती नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मद्रासच्या प्रदर्शनात 'कला' म्हणून गौरविलेली शैली आपल्या घरात 'देव' होऊन आली. भिंतीवरच्या त्या चित्राला आजीने हळदकुंकू लावले. संग्रहालयातील प्रवास देवळाकडून दालनाकडे होतो. रविवर्म्याच्या चित्राचा प्रवास उलट, दालनाकडून देवघराकडे झाला.

मद्रास आणि मराठी दरबार यांना जोडणारा आणखी एक धागा येथे सांगून टाकतो. मद्रास विद्यापीठाचे सिनेट हाऊस ज्यांनी बांधले ते रॉबर्ट चिझम काही वर्षे कलाशाळेचेही प्रमुख होते. तेच पुढे सयाजीराव गायकवाडांच्या बोलावण्यावरून बडोद्यास गेले आणि लक्ष्मीविलास राजवाड्याचे अपुरे काम त्यांनी तडीस नेले. त्याआधी १८८० मध्ये सयाजीरावांचा विवाह तंजावरच्या मोहिते घराण्यातील कन्येशी झाला होता, आणि तिच्याबरोबर तंजावरचे नृत्यही बडोद्यास आले होते. कला अशी माणसांच्या पावलांनी हिंडते, आणि ती हिंडते तोवर जिवंत असते.

आता त्या दालनाकडे येऊ, ज्यासाठी आज जगभरचे रसिक मद्रासला येतात. ते म्हणजे पंचधातूंच्या मूर्तींचे दालन.

ह्या मूर्ती संग्रहालयात आल्या कशा? परचक्राच्या भीतीने किंवा इतर आपत्तीत पुजाऱ्यांनी उत्सवमूर्ती जमिनीत पुरून ठेवल्या. जाणते लोक मरून गेले, खूण बुजली. शेकडो वर्षांनी कुणा शेतकऱ्याच्या नांगराला किंवा कुणा गवंड्याच्या कुदळीला त्या लागल्या. १८७८ च्या निखातनिधीच्या कायद्यान्वये असा ठेवा सरकारला कळविणे बंधनकारक झाले, आणि अशा पुष्कळ मूर्ती मद्रासला येऊन पोहोचल्या. तिरुवालंगाडूचा नटराज, वडक्कुप्पनैयूरचे राम, लक्ष्मण, सीता आणि हनुमान, तिरुवेंगाडूचा अर्धनारीश्वर, नागपट्टणच्या बुद्धमूर्ती: एकेक नाव म्हणजे एकेक गाव आहे. १९३२ मध्ये ग्रेव्हली आणि टी. एन. रामचंद्रन यांनी ह्या संग्रहातील हिंदू मूर्तींची सूची प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर अभ्यासाला पक्की बैठक मिळाली.

ह्या मूर्ती घडविण्याची रीत अशी. मूर्ती आधी मेणाची करावयाची, तिच्यावर मातीचे लेप द्यावयाचे, माती भाजून मेण वितळवून काढावयाचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा. माती फोडली की मूर्ती मिळते. साचा उरत नाही, म्हणून तशी दुसरी होत नाही. ह्या रीतीला संस्कृतात मधूच्छिष्टविधान म्हणतात, आणि कल्याणीच्या चालुक्यवंशातील सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ह्या बाराव्या शतकातील ग्रंथात तिचे सविस्तर वर्णन आहे.

तिरुवालंगाडूच्या नटराजाची छायाचित्रे पॅरिसला गेली. रोदँ ह्या थोर शिल्पकाराने ती पाहिली आणि १९१३ मध्ये त्यांवर एक उत्कट निबंध लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. रोदँ मद्रासला कधी आला नव्हता. केवळ छायाचित्रांवरून त्याने त्या हातांचे, त्या पायांचे, त्या तोलाचे सौंदर्य पारखले. पाश्चात्त्य जगाला नटराज हा 'कला' म्हणून ओळखीचा होण्यात ह्या निबंधाचा मोठा वाटा आहे.

परंतु येथे एक विचार मनाला अडवितो. देवळात ही मूर्ती कुणी अशी पाहिली होती काय? उत्सवमूर्तीला देवळात रेशमी वस्त्र नेसवितात, अलंकार घालतात, फुलांच्या माळांनी तिला झाकून टाकतात. भक्ताला दिसतो तो चेहरा, दिसतो तो अभयहस्त. खांद्याचा उतार, कमरेची लय, उचललेल्या पायाचा ताण हे सारे घडविणाऱ्या स्थपतीने पाहिले, पुजाऱ्याने पाहिले, आणि नंतर थेट संग्रहालयातल्या प्रेक्षकाने पाहिले. आपल्या भाषेत 'दर्शन' आणि 'प्रदर्शन' हे शब्द सख्खे आहेत. मधे एका उपसर्गाचे अंतर. दर्शनात देव आपल्याकडे पाहतो असे भक्त मानतो. प्रदर्शनात फक्त आपण पाहतो. संग्रहालयाने आपल्याला अधिक दाखविले हे खरे. पण आपल्यावर रोखलेली ती दृष्टी मात्र काढून घेतली.

स्वातंत्र्यानंतर ह्या प्रश्नाला नवे वळण मिळाले. संग्रहालयाची शताब्दी १९५१ मध्ये साजरी झाली, तेव्हा आवारातील व्हिक्टोरिया स्मारक मंदिरात पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्रीय कलादालनाचे उद्घाटन झाले. हेन्री आयर्विन यांनी रचलेली आणि १९०९ मध्ये पुरी झालेली गुलाबी वालुकाश्माची ती देखणी वास्तू. एका सम्राज्ञीचे नाव मिरविणारी इमारत आता राष्ट्राच्या चित्रांना मिळाली. आणि त्याच १९५१ सालात, तंजावरला मराठ्यांच्या जुन्या राजवाड्यात दुसरे कलादालन उघडले. जिल्ह्यातील ओसाड देवळांतल्या, शेतांत सापडलेल्या मूर्ती बाहेर न जाता तेथेच राहाव्यात म्हणून. तिरुवेंगाडूचा तो विलक्षण वृषभवाहन, जो बैलाच्या पाठीवर हात टेकल्याच्या ढबीत उभा आहे आणि ज्याचा बैल आता नाही, तो ह्या वाड्यात आहे. त्याच तिरुवेंगाडूचा अर्धनारीश्वर मद्रासला. एका देवळातील भावंडे दोन दालनांत वाटली गेली. ज्या राजवाड्यातील शस्त्रे मोडून लोखंडाच्या भावाने विकली गेली, त्याच राजवाड्याने शंभर वर्षांनी चोळांच्या देवांना आसरा दिला, ह्यात काळाने केलेली थोडी भरपाई आहे असे मला वाटते.

आणि अलीकडच्या काळात तर देवच वादी होऊन न्यायालयात उभा राहिला. तंजावर जिल्ह्यातील पत्तूर येथे १९७६ मध्ये एक नटराज सापडला आणि चोरून विलायतेला गेला. त्यावर लंडनच्या न्यायालयात खटला चालला. पडक्या देवळाच्या वतीनेही त्यात दावा मांडण्यात आला. आपल्या कायद्यात देव ही मालमत्ता धारण करू शकणारी व्यक्ती आहे. ब्रिटिश न्यायालयानेही हिंदुस्थानातील देवळाचा हक्क मान्य केला आणि १९९१ मध्ये नटराज स्वदेशी परतला. तंजावरच्या राणीला १८५९ मध्ये लंडनमध्ये जो न्याय मिळाला नाही, तो तंजावरच्या देवाला एकशे बत्तीस वर्षांनी मिळाला. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनातूनही तमिळनाडूतील श्रीपुरंदानचा नटराज परत आला. जगातील दालने आता विचारू लागली आहेत की, ही वस्तू आमच्याकडे आली कशी? हा प्रश्न बाल्फरच्या काळी कुणी विचारीत नसे.

श्रोतेहो, वस्तू दालनात येऊन मरते की जगते, ह्या आरंभीच्या प्रश्नाचे सरळ उत्तर मजजवळ नाही. अमरावतीच्या शिल्पांना वाचविले ते संग्रहानेच, आणि पोखरले तेही संग्रहाच्या भिंतीनेच. तंजावरच्या मूठभर कट्यारी जगल्या, बाकीच्या गेल्या. नटराजाची पूजा थांबली, पण त्याचे सौंदर्य साऱ्या जगाचे झाले. प्रत्येक वेळी काही मिळाले आणि काही गेले. संग्रहालयाचे मोल ठरवावयाचे ते ह्या जमाखर्चावरून. आणि खर्चाची बाजू झाकून ठेवणारे संग्रहालय अपुरे समजावे. वस्तूच्या चिठ्ठीवर तिचा काळ आणि तिचे गाव असते. ती तेथून कोणत्या वाटेने आली, तेही त्या चिठ्ठीवर असले पाहिजे.

तमिळ मुलखात पोंगलच्या सणाचा शेवटचा दिवस 'काणुम पोंगल' म्हणून पाळतात. 'काणुम' म्हणजे पाहण्याचा. त्या दिवशी खेड्यापाड्यांतून आलेली कुटुंबे, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, खांद्यावर पोरे घेतलेले बाप, हजारोंच्या संख्येने शहरातील समुद्रकिनारी आणि ह्या 'मेलेल्या कॉलेजा'त लोटतात. दालनादालनांतून रांगा सरकतात. चिठ्ठी वाचण्यास कुणाला सवड नसते. पण नटराजासमोर आल्यावर त्या रांगेतील एखादी म्हातारी क्षणभर थबकते, नकळत हात जोडते, आणि पुढे सरकते. त्या एका क्षणापुरते तरी त्या कॉलेजाला मेलेले म्हणता येत नाही.